कोपरावरून ओघळलेलं तूप

माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे चट्टे उठले तेव्हा आमच्या अंगणातल्या चिमण्यांची चंगळ झाली. सकाळी मी सदरा झटकला की खाली पापुद्र्यांचा सडा पडायचा. कण्या सांडल्या समजून त्या धावत यायच्या, एक चोच मारायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच शरम वाटावी.

मी सिंदी मेघेत राहतो, वांगी पिकवतो आणि वर्ध्याच्या बाजारात स्वतः बसून विकतो. चट्टे दिसू नयेत म्हणून मी भर मे महिन्यात लांब बाह्यांचा शर्ट घालू लागलो. आमच्याकडचा मे ज्यानं भोगला आहे त्याला यातलं शौर्य कळेल. माझ्या अंगाच्या वाफेनं टोपलीतली वांगी अर्धी भाजून निघायची. भरीत करायला सोपं जातं म्हणून बाया माझ्याकडेच यायला लागल्या.

बायकोनं निंबाचा पाला उकळून पाहिला, जवसाचं तेल चोळून पाहिलं. शेवटी मला न विचारता केळझरच्या गणपतीपुढे हात जोडून आली.

"यायचे कोपरं साफ होऊ दे, देवा. तुह्या टेकडीखाली यायले रोडगे खाऊ घालीन, कोपरावरून तूप वघळेपर्यंत!"

रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा. तो फोडायचा, तुपात बुडवायचा, वांग्याच्या भाजीशी हाणायचा. घास तोंडाकडे नेताना तूप मनगटावरून कोपराकडे धावलं पाहिजे, नाहीतर वाढणाऱ्याची इज्जत जाते. या कामात माझा हात कुणी धरत नसे. एका पंगतीत तर आचारी येऊन माझ्या पाया पडला होता. म्हणाला, "भाऊ, आता थांबा, गावातल्या गोवऱ्या सरल्या."

त्यामुळे नवस ऐकून मी खूश झालो. रोग जाईल आणि वर जेवणही मिळेल, असा सौदा देवच करू शकतो. पण देवाचं काम सोपं व्हावं म्हणून मी सावंगीच्या दवाखान्यातही गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी कोपरं पाहिली आणि लगेच रक्त तपासायला सांगितलं. म्हटलं, दुखणं बाहेर आहे, तुम्ही आत काय शोधता? पण दिलं रक्त. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेलो तर तपासणाऱ्या बाईंनी नळी उजेडात धरून दाखवली. वरचा थर दुधासारखा पांढरा.

"साखर आणि चहापत्ती टाका," मी म्हटलं, "दोन कप सहज होईल."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण थोड्याच.

"काका, या चट्ट्यांची आणि रक्तातल्या चरबीची सोयरीक आहे. एक दिसलं की दुसरं घरात आहे का, ते आम्ही बघतोच."

"आधी कोण कोणाच्या घरी आलं?"

"ते ठामपणे सांगता येत नाही. पण दोघं मिळून हृदयाच्या वाटेला जातात, ते मला नको आहे. चट्ट्यांना मलम देते. चरबीला गोळी, रोजचं चालणं आणि तुपाला लगाम."

"तूप सोडलं की चट्टे जातील?"

"तसं मी म्हणत नाही. चट्टे दबतील ते मलमानं. तूप सोडायचं ते तुमच्यासाठी."

घरी येऊन सांगितलं तर बायकोनं तुपाची बरणी अशा जागी लपवली की पुढे तिलाच महिनाभर सापडली नाही. मी रोज पहाटे चालू लागलो. इतका चाललो की आमच्या भागातली कुत्री मला पाहून भुंकायची सोडून थकून बसायची. मलम दोन वेळा, गोळी एक वेळा. काही महिन्यांनी कोपरं अशी निघाली, जशी तोडणीची पहिली वांगी. रक्तही पुष्कळ निवळलं.

आणि आता नवस दारात उभा.

"फेडला नाई तं चट्टे वापस येतीन," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरीच भीती होती, तिथे माझी थट्टा चालेना.

"आणि फेडला तं रक्ताचं दूध होईन."

बायकोचा भाऊ, म्हणजे माझा साळा, मधेच बोलला, "भाऊजी, तुमच्या वाटचे रोडगे मी खातो ना. मी कायच्यासाठी हाओ मंग?"

"नवस तुह्या पोटासाठी नाई बोलली मी," बायकोनं त्याला गप्प केलं आणि मला घेऊन सरळ सावंगी गाठली.

"मॅडम, एक दिवस खाऊ द्या यायले. देवाचं हाय."

"बरं. एक रोडगा, एक चमचा तूप."

"अवो मॅडम, चमचाभर तूप तं मनगटापाशीच सुकते!"

"मग सुकू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना बायको माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत वितीनं मोजत बसली. ती असं काही मोजायला लागली की मला काळजी वाटते.

नवसाच्या दिवशी टेकडीखाली पंगत बसली. मी एक रोडगा, एक चमचा तूप असा जेवलो, डोळे मिटून, घास चाळीस-चाळीस वेळा चावत. तूप मनगटापर्यंतही आलं नाही. मग बायको तुपाचा गडवा घेऊन समोर आली.

"बाही वर करा. हात उभा धरा."

धरला. तिनं मनगटावर धार सोडली. सगळी पंगत घास हातात धरून बघत राहिली.

"ताई, हे बेईमानी हाय!" साळा ओरडला.

"देवाले म्या तूप कुठून वघळन ते सांगतलं होतं," ती म्हणाली, "कोणाच्या पोटात जाईन ते नाई."

तूप खाली आलं. वर्षभरापूर्वी ते त्या खवल्यांत अडकून बसलं असतं. आता कुठेच थांबलं नाही. गुळगुळीत कोपरावरून घरंगळलं आणि टप्‌कन मातीत पडलं. बायकोनं टेकडीकडे पाहून हात जोडले, आणि पदरानं डोळे पुसले की कपाळ, ते मी विचारलं नाही.

एक थेंब मात्र कोपराच्या टोकाला लोंबत राहिला. सोनेरी, कढीव, खमंग. माणसाची जीभ स्वतःच्या कोपराला पोचत नाही, ही सोय देवानं आधीच करून ठेवली आहे. मी तीनदा खात्री करून घेतली.

"पाहून राह्यली मी," मागून आवाज आला.