फडातलं जाकीट

तीन वर्षं मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत एकाच जाकिटासाठी झटत होतो. अंगाला घाम आला की त्याची वीण आपोआप उघडायची आणि वाफ बाहेर पडायची. अंग कोरडं झालं की वीण मिटायची, ऊब आत राहायची. सगळे म्हणायचे, डोंगर चढणाऱ्यांना विकू. मला ते थोरल्या बहिणीसाठी हवं होतं. अक्का शिरूर कासारची, दर हंगामाला ऊसतोडीला जाणारी. गेले दोन हिवाळे तिचा खोकला हटत नव्हता. तिला ऊब मिळाली नाही तर माझं शिक्षण पाण्यात गेलं, असं मी धरून चाललो होतो.

थंड खोलीत जाकीट घालून मी रोज घाम निघेस्तोवर पायऱ्या चढायचो. आकडे झकास येत होते, साहेब खूश होते. मी मात्र पार थकून गेलो होतो.

यंदा अक्काची टोळी पुणे जिल्ह्यातच उतरली होती. उजाडायच्या आत मी फडावर पोचलो. अक्कानं साडीवर जाकीट चढवलं, कोयता घेतला आणि ती उसात शिरली. अर्ध्या तासात ती बाहेर आली ती कुडकुडतच. जाकीट ओलंचिंब होतं.

"लई गार लागतंय रं हे," म्हणत तिनं ते काढलं. दाजींचा जुना शर्ट घातला, वरून खताचं रिकामं पोतं गुंडाळलं.

"एवढा घाम आला?"

"आत्ताच कुठला घाम? दव हाय हे, पाल्यावरचं."

कापडानं ओल पाहिली आणि मी शिकवल्याप्रमाणे सगळी वीण उघडून दिली. घाम आतून येतो आणि दव बाहेरून, हे त्याला काय कळणार! पण मला कळायला हवं होतं. लहानपणी आईबापामागं मी याच पाल्यात भिजायचो, सदरा पिळून पुन्हा घालायचो. तीन वर्षांत ते एकदाही आठवलं नव्हतं. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"अक्का, मी दव इसरलोच गं," मी म्हणालो.

तिनं पोत्याची गाठ आवळली. "बरं झालं की. इसरावं म्हनूनच तर तुला साळंत ठिवलं, अन् मी कोयता घेतला," म्हणाली, आणि खोकत पुन्हा उसात शिरली.