सत्तर नंबरचं गीत

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीच्या बाजूला एका गावात मिशनच्या शाळेवर विज्ञान शिकवत होतो. वय तेवीस, आणि आपल्याला न उघडणारा स्क्रू जगात नाही अशी खात्री.

चर्चमध्ये कोणतं गीत म्हणायचं त्याचा नंबर भिंतीवरच्या पाटीत पुठ्ठ्याचे आकडे खोचून दाखवत. त्या आकड्यांना वाळवी लागली. एका रविवारी पुढचे बाक एक गीत म्हणत होते, मागचे दुसरंच, आणि पाळकसाहेब दोघांनाही हात करत होते. "विजेची पाटी करून देतो," मी म्हणालो. मला कुणी विचारलंही नव्हतं.

टॉर्चचे बल्ब, टॉर्चचेच सेल. प्रत्येक आकड्याला सात खाने, खान्यात एकेक बल्ब, पुढे तेल लावलेला कागद. आठ हवा तर सातही पेटवायचे. मधला विझवला की शून्य. आकडे दोनच. शंभर आणि त्यापुढची गीतं गावाने सोडून द्यावीत असं मीच परस्पर ठरवलं. आकडे इंग्रजी उमटत, म्हणून म्हाताऱ्यांना दोन रविवार शिकवणीही घेतली.

चौकटीला सुताराकडून टाकाऊ फळ्या आणल्या. तो म्हणाला, "न्या की मास्तर. पन म्हातारबाच्या शवपेटीतलं उरलंय बरं का. आंबा हाय, वलाच हाय अजून."

म्हातारबा म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे. लाकडाचं मला काही वाटलं नाही. मला सलत होतं ते वेगळंच. ते गेले त्या दिवशी पाळकसाहेब परगावी होते आणि दफनाची प्रार्थना माझ्या गळ्यात पडली. म्हातारबांच्या बायकोने, आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो, मला बजावलं होतं: सत्तर नंबरचं गीत, त्यांनी मागून ठेवलंय. मी चिठ्ठी केली आणि ती दुसऱ्या सदऱ्यात विसरलो. कबरीपाशी नंबर काही आठवेना. मग मला पाठ असलेलं एकुलतं एक गीत सुरू केलं. ते निघालं भरघोस पिकाबद्दल देवाचे आभार मानायचं. चहूकडे भेगाळलेली रानं, आणि आम्ही कणसांबद्दल कृतज्ञ.

चार महिन्यांनी पाटी लागली. पहिल्या बाकावर बटणं घेऊन मी. पाळकसाहेब म्हणाले, "गीत अठ्ठ्याहत्तर." मी आठाची सातही बटणं दाबली. पाटीवर उमटलं सत्तर.

मी बटणं खटखटवली. सत्तरच. मागे बाक वाजला. काकू उभ्या राहून गाऊ लागल्या, एकट्या, बारीक आवाजात. दुसऱ्या कडव्याला सगळं चर्च उभं होतं.

उपासना सुटल्यावर काकू मागे थांबल्या.

"मास्तर, त्यो आकडा तुमी लावला?"

"नाही, काकू."

"मंग वायर सुटली आसंल."

"असेल."

"आसंल न्हाई, बघून सांगा. वायर आसंल तर बरं. म्हातारा आला आसंल तर मंग पोचलाच न्हाई की त्यो! चार म्हैने झालं. एवढ्या उन्हात कुठं हिंडतोय?"

मी पाटी उतरवली, मागची फळी काढली. काकू बाकावर बसून बघत होत्या. मधल्या खान्याची तार ओढून पाहिली. घट्ट. बल्ब घट्ट. बटण दाबलं तर तो बल्ब माझ्या तळव्यावर लख्ख उजेड पाडून जळू लागला. फळी एकदा करकरली. ओलं लाकूड वाळताना आवळतं, तार थोडा वेळ सुटते, पुन्हा टेकते. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं असतं. मानेवर उभे राहिलेले केस मात्र वर्गात नव्हते.

"घावली का?" काकूंनी विचारलं.

मी पाठ वळवली, नख घातलं आणि चांगली जोडलेली तार उपटली.

"ही बघा."

त्या जवळ आल्या. लोंबतं टोक बोटाने हलवून पाहिलं.

"हीच व्हय?"

"हीच."

"नक्की? पिकाच्या गीतासारखं न्हाई ना?"

"नक्की, काकू."

त्यांनी मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग बरं. पोचला म्हनायचा. पक्की जोडा तेवढी. सलाम, मास्तर."

त्या गेल्या. मी स्टोव्हवर सळई तापवून तार जोडली, पाटी भिंतीला लावली आणि सातही बटणं दाबली. आठ उमटला, अगदी स्वच्छ. तरी त्या रिकाम्या चर्चमधून मी पाटीकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी बाहेर पडलो. दारापर्यंत तीन बाकांना धडकलो.