हौद्यावरची खोली

पहिला तंबू मी मोबाइलवरून मागवला होता. दोन माणसांचा, वजनाला दोन किलोच्या आत, असं त्यावर लिहिलेलं होतं. ही दोन माणसं कोणत्या देशातली, ते लिहिलेलं नव्हतं. मी आणि माझा मोठा भाऊ त्यात शिरलो तेव्हा एकाने कूस बदलली की दुसऱ्याला बदलावीच लागायची. आणि माझं पोट त्या काळी आजच्यापेक्षा बरंच विनयशील होतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. राहायला नागपूरच्या नंदनवनात, आणि धंदा शेतातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्यामुळे सावनेरकडच्या झाडून साऱ्या पांदणी त्याला पाठ होत्या. पांदण म्हणजे शेतात जायची कच्ची वाट; दोन्ही अंगाला बोरी-बाभळी आणि मध्ये काळी माती. हल्लीची मुलं ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतात आणि त्यासाठी निराळे बूट विकत घेतात, ते दादा पंचवीस वर्षं स्लीपर घालून करत होता. त्याची जुनी डिझेल जीप चारही चाकांनी जोर लावायची आणि बसणाऱ्याच्या चारही बाजूंनी वाजायची.

मी प्रताप नगरातला, विम्याच्या कार्यालयातला माणूस. वर्षानुवर्षं अपघातांचे दावे वाचून माझी नजर अशी झाली आहे की कोणतीही वस्तू पाहिली की ती कशी कोसळेल तेच आधी दिसतं. बायको म्हणते, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी तिच्याकडे न पाहता मांडवातल्या उघड्या वायरकडे पाहत होतो. वायर उघडी होती हे मात्र खरं.

सावनेरच्या पलीकडे एका लहान धरणाचं पाणी मागे शेतांमध्ये पसरतं. तिथे दादाच्या एका गिऱ्हाइकाचं शेत थेट पाण्याला टेकलेलं आहे. हिवाळ्यात दोन-तीनदा आम्ही तिथे मुक्कामाला जायचो. दादाचं सामान म्हणजे एक ताडपत्री, एक सतरंजी आणि वहिनींनी दिलेला डबा. माझं सामान जीप थांबल्यावर अर्धा तास उतरत राहायचं. घडीची खुर्ची, घडीचं टेबल, डोक्याला बांधायचा दिवा, आणि तो तंबू, जो पिशवीतून एकदा बाहेर पडला की त्या पिशवीत परत म्हणून जात नसे. दादा आडवा होऊन मजा पाहायचा. “बसव, बसव,” म्हणायचा. “मी तुले काही बोलून राहिलो का?”

पुढे, जमिनीवर साप असतात हा शोध मला पन्नाशीच्या जवळ लागला, आणि मी गाडीच्या टपावर उघडणारा तंबू घेतला. टपावर एक पेटी, ती उघडली की खोली, आणि वर जायला शिडी. दादाच्या जीपवर तो बसवायला आम्हाला एक पूर्ण रविवार लागला. त्याच दिवशी त्याच्या बोटांतून नट दोनदा सुटला. ज्या माणसाने अंधाऱ्या विहिरीत उतरून नुसत्या हाताने चाचपत मोटारी खोलल्या, त्याच्या हातून नट सुटला आणि मी त्याला चिडवलं. म्हातारा झालास म्हणालो. ते अजून आठवतं.

त्या हिवाळ्यातल्या दुसऱ्या मुक्कामाला, सकाळी, दादा टपावरून उतरता उतरेना. चढताना चढला होता. आता पाय बाहेर सोडून बसला, खाली शिडीकडे पाहिलं आणि तसाच बसून राहिला. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील.

“पाय ऐकून नाही राहिला गा,” तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, एखाद्या मोटारीबद्दल सांगावं तसं.

मी खालून खांदा दिला. खांदा देण्याच्या बाबतीत माझी पाठ कधीच भरवशाची नव्हती. आम्ही दोघंही भसकन खाली आलो, तो वर आणि मी खाली. काळ्या मातीत पडल्या पडल्या तो इतका हसला की शेतातली माणसं पाहायला आली. माझा विमा काढून ठेवला होता का, असं विचारत होता.

उन्हाळ्यापर्यंत निदान झालं. डॉक्टरांनी आजाराचं मोठं नाव सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच की एकेक स्नायू काम सोडत जाणार आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार. वर्षभरात दादाच्या हातून पाना सुटला, मग पेला, मग घास. चाकाची खुर्ची आली. झोपताना नाकातोंडाला लावायचं श्वासाचं मशीन भाड्याने आलं. त्याच्याशिवाय रात्र काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्याने आमच्याकडे फार काही मागितलं नाही. माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, तीही मी दाढी करून देत असताना, म्हणजे मला पळता येणार नाही अशा वेळी.

“मले एक रात्र पाण्याकाठी ने. उजाडताना ते पाणी पाह्यचं आहे. बस.”

मी हो म्हणालो. आणि कामाला लागलो.

माझ्यासारखा माणूस कामाला लागतो म्हणजे काय करतो, तर याद्या करतो. तंबू बाद. टपावरचा तंबू तर बादच. मी एक जुनी पिकअप घेतली आणि तिच्या मागच्या हौद्यावर एक खोली बांधायला दिली. खोली म्हणजे पत्र्याची पेटीच. आत फोमचं अस्तर, एक पलंग, एक बाक, खुर्ची चढवायला फळी. मशीन चालावं म्हणून दुसरी बॅटरी. ती बंद पडली तर म्हणून तिसरी. कारागीर चांगला होता, पण दर आठवड्याला मी नवीन काहीतरी सांगायचो. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावा. छताला एक हूक लावा. हाताशी घंटीचं बटण लावा. पाय बांधायचा पट्टा, भांड्याची जागा, ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी कडं. तो शेवटी म्हणाला, भाऊ, माणूस बसवायचा आहे की काचसामान?

त्यात दिवाळी गेली, संक्रांत गेली. दादा दर रविवारी विचारायचा, झाली का गाडी. मी सांगायचो, बॅटरीचं बाकी आहे. मग, दाराचं रबर बाकी आहे. मग, रंग. खरं म्हणजे मी पार्किंगमध्ये त्या पेटीत तीन रात्री स्वतः झोपून पाहिलं होतं, मशीन लावून, आणि बॅटरी सकाळपर्यंत पुरली होती. आमच्या चौकीदाराने बायकोला विचारलं होतं, साहेबांना घरात घेत नाही का म्हणून. गाडी तयार होती. पण घरापासून दीड तासावर, पांदणीच्या आतल्या टोकाला, त्याचा श्वास अडकला तर मी काय करणार, हा प्रश्न कोणत्याही यादीत मावत नव्हता.

अखेर माघात एका सकाळी मी गाडी नंदनवनात दादाच्या दारात उभी केली. खुर्ची फळीवरून आत घेतली. दादाने कठड्यांकडे पाहिलं, हुकाकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. मी एकेक सोय समजावून सांगत होतो. तो तोवर फारच हळू बोलायला लागला होता, शब्द ओले होऊन आल्यासारखे यायचे, पण हे वाक्य स्वच्छ आलं.

“वॉर्ड बनवला गा तू.”

मी म्हणालो, नाही रे, सोय आहे.

“तुले भेव वाटून राहिलं. तसं सांग ना मंग. गाडीले काहून पुढे करतं?”

वहिनी बाहेर उभ्या होत्या, त्यांनी मान वळवली. मी घरातून पाना आणला आणि कठडे खोलायला बसलो. हूक काढला. बटणाची वायर तोडली. दादा कोणता नट कुठल्या बाजूला फिरवायचा ते डोळ्यांनी सांगत होता, कारण मी तेही उलटं करत होतो. नळकांडं मात्र मी काढलं नाही, बाकाखाली सरकवून वर सतरंजी टाकली. त्याने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. मी, दादा, वहिनी. सावनेर मागे पडलं, डांबर संपलं, पांदण लागली. मी इतक्या हळू चालवत होतो की एक बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली आणि गाडीवानाने वळून पाहिलं. दुपारी तीनच्या सुमारास पाण्याशी पोहोचलो. मागचं दार पूर्ण उघडलं की पलंगावरून थेट पाणी दिसत होतं, ते मी मोजून केलं होतं. माझ्या साऱ्या मोजमापात तेवढं एक कामाचं निघालं. कापूस वेचून झालेला होता. पाण्यावर बदकं होती. शेतकऱ्याने संत्री आणून दिली, वहिनींनी एकेक फोड सोलून, बिया काढून, रस दादाच्या ओठांना लावला. तो पाहत होता. कितीतरी वेळ त्याने कोणाला काही मागितलं नाही.

मी मात्र बसलो नव्हतो. बॅटरीचा काटा पाहत होतो, मोबाइलला रेंज कुठल्या दगडावर चढल्यावर येते ते पाहत होतो, शेतकऱ्याला विचारत होतो की सावनेरच्या दवाखान्यात संध्याकाळनंतर डॉक्टर असतो का. मशीनचा मुखवटा पुसून मी तीनदा परत पिशवीत ठेवला. ऊन पिवळं व्हायला लागलं तसा गार वारा सुटला. मी दादाला दुसरी शाल घातली आणि त्याच्या छातीकडे पाहत उभा राहिलो.

तो माझ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “चाल, घरी जाऊ.”

मी विचारलं, राहायचं नाही? उजाडताना पाहायचं होतं ना?

“पाह्यलं पाणी. थंडी वाजून राहिली. चाल.”

मी एकदाच विचारलं. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या छातीवरून कोणीतरी मोठा दगड उचलल्यासारखं मला वाटलं. दहा मिनिटांत मी सगळं आवरलं. ज्याच्याने तंबू कधी परत पिशवीत गेला नाही, तो माणूस मी, आणि दहा मिनिटांत. येताना बैलगाडीच्या मागे राहिलेलो मी जाताना पांदणीतून गाडी उडवत नेली. नागपूरचे दिवे दिसले तेव्हा मी शीळ घालत होतो.

चैत्रात दादा गेला. घरी, झोपेत, मशीन चालू असताना. बॅटरी, काटा, रेंज, कशाचाच संबंध आला नाही.

सगळे विधी आटोपल्यावर आठवड्याभराने वहिनींनी मला बोलावलं. मशीन परत द्यायचं होतं. त्यांनी ते पुसून खोक्यात भरून ठेवलं होतं. मी चहा घेत बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की बरं झालं, त्या शनिवारी पाण्यावर जाऊन आलो. निदान त्याची इच्छा झाली. थंडी नसती तर राहिलोही असतो.

वहिनी म्हणाल्या, “थंडी नाही वाजून राहिली त्यायले.”

मी कप खाली ठेवला.

“तुम्ही त्या दगडावर उभे होते, मोबाइल धरून. मले म्हणाले, त्याच्याकडे पाह्य. रातभर इथं राहिलो तर तो माझ्याआधी जाईल. चाल म्हण त्याले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर त्यायनं सांगितलं.”

मी म्हणालो, वहिनी, एक शब्द मला बोलला असता तर मी थांबलो असतो. खरंच थांबलो असतो.

त्यांनी खोक्यावरची चिकटपट्टी अंगठ्याने परत दाबली, होती तिथेच.

“नाही भाऊजी. तुम्हाले नव्हतं राहायचं. मलेही नव्हतं. मी तर मनात देवाले हात जोडले, ते घरी चाल म्हणाले तेव्हा.” त्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. “राहायचं फक्त त्यायले होतं.”

मी हो म्हणालो. मग खोका उचलला. वजनाला काहीच नव्हता.