नंबर सांगायचा नाही

एम.एस्सी. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते पार्सलं उतरवायचं. चिखली रोडवरचं कुरिअर कंपनीचं एक पत्र्याचं शेड, त्याला सगळे 'हब' म्हणायचे. मुलाखतीला मी गुणपत्रिकांची फाईल घेऊन गेलो होतो. हबच्या साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. गाडीचं लायसन आहे का, एवढंच विचारलं. साहेब बारावी पास, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी त्यांना 'सर' म्हणायचो आणि ते मला 'मास्तर' म्हणायचे, कारण एवढं शिकलेला माणूस मास्तर सोडून दुसरं काय असू शकतो, हे शेडमध्ये कोणाला सुचत नव्हतं.

दीड महिना ट्रकमधून खोकी उतरवली. मग बढती झाली, म्हणजे पाठीवर बॅग आली आणि माझी स्वतःची मोटारसायकल कंपनीच्या कामाला लागली. आई शेजारी सांगायची, पोरगा कंपनीत आहे. वडील काहीच सांगायचे नाहीत. चौकात कोणी विचारलं तर विषय बदलायचे, आणि मला तेच जास्त लागायचं.

शेडच्या कोपऱ्यात एक काचेची खोली होती. आत कॉम्प्युटर, पंखा आणि फिरती खुर्ची. तिथं बसणारा माणूस संभाजीनगरला चालला होता. सरांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, कॉम्प्युटर तं तुम्हाले येतेच. पन या महिन्यात तुमचे रिटर्न कमी दिसले पाह्यजेत. मंग खुर्ची तुमची. नाही तं दुसरा एक बीसीएवाला वाट पाहूनच राह्यला."

मला ती खुर्ची हवी होती. उगाच मोठेपणा कशाला करू, फार हवी होती. वडिलांना चौकात सांगता यावं, ऑफिसात असतो म्हणून, एवढ्यासाठी हवी होती.

आणि माझे रिटर्न, म्हणजे न खपता परत आणावी लागणारी पार्सलं, येत होते ते सगळे एकाच गावातून. देऊळघाटच्या पुढचं एक गाव, माझ्या रूटमधलं शेवटचं. महागाची वस्तू असली की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर चार आकडी ओटीपी येतो. तो त्यानं मला सांगायचा, मी माझ्या मोबाईलमध्ये टाकायचा, तेव्हा कुठे पार्सल दिलं अशी नोंद होते. बाकीच्या गावांत लोक गल्लीच्या त्या टोकावरून ओरडून नंबर सांगतात. या गावात नाही. फवारणीचा पंप मागवलेला शेतकरी मला तोंडावर म्हणाला, "पंप ठेवून जाय. नंबर नाही भेटत." मी म्हणालो, काका, नंबराशिवाय ठेवता येत नाही. तो म्हणाला, "मंग घेऊन जाय."

मी समजावून सांगायला लागलो की आणखीच बिघडायचं. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं तर म्हणायचे, असं तं कोन्हीही छापते. हात जोडले, तर एक बाई शेजारणीला माझ्यासमोरच म्हणाली, "लय गोड बोलून राह्यला वो हा. दार लावून घे." तीन वेळा चक्कर मारायची, चौथ्या दिवशी पार्सल परत. पेट्रोल माझं, ऊन माझं, आणि संध्याकाळी सरांचा प्रश्न ठरलेला, "त्याच गावचे काऊन वापस येऊन राह्यले, मास्तर?" मला काय माहीत काऊन! माझं डोकं नुसतं फिरायचं.

एका दुपारी शाळेच्या भिंतीच्या सावलीला गाडी लावून पाणी पीत होतो. भिंतीवर गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ओटीपी कोणालाही सांगू नका. खाली आमच्या कॉलेजचं नाव. त्या भिंतीवरचा 'ओ' मी स्वतः काढलेला होता.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमचं सात दिवसांचं शिबिर याच गावात झालं होतं. सकाळी नाल्यावर श्रमदान, संध्याकाळी पारावर पथनाट्य. तेव्हा आम्ही एस.टी.नं वेगळ्या रस्त्यानं आलो होतो आणि सात दिवस शाळा ते पार एवढंच फिरलो होतो, शिवाय या नावाची जिल्ह्यात दोन-तीन गावं आहेत, त्यामुळे नाव ओळखीचं वाटत असूनही हेच ते गाव, हे लक्षात आलं नव्हतं. पथनाट्यात बँकेचा साहेब बनून फोनवरून लोकांना लुबाडणारा चोर होता. आवाज भारदस्त म्हणून तो चोर मला दिला होता. काळा गॉगल लावून मी अख्ख्या गावाला गोड बोलून नंबर मागितला होता, आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून तीनदा शपथ घेतली होती. उत्कृष्ट अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं मला. सरांनी न उघडलेल्या त्या फाईलमध्ये ते होतं.

सरांना सांगितलं तर ते हसून हसून खोक्यावरच बसले. "आता उलटं नाटक करा मंग, मास्तर." मला हसू आलं नाही. जिल्ह्यात एवढी शिबिरं होतात. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. नेमकं हेच एक गाव निघालं आमचं ऐकणारं!

महिना संपत आला. कोणाच्या पोराला फोन लाव, कोणाला खात्री पटवायला गावच्या सोसायटीच्या सचिवापुढे उभं कर, असं करून बाकीची पार्सलं खपवली. शेवटच्या दिवशी एकच राहिलं. एका म्हाताऱ्या बाईचं बीपी मोजायचं यंत्र, पुण्याच्या मुलानं आईचाच मोबाईल नंबर देऊन पाठवलेलं. तिसरी चक्कर. हे परत गेलं की खुर्ची बीसीएवाल्याची.

आजी अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. तो तिकडून सांगत होता, आई, दे नंबर, मीच पाठवलं आहे. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला.

"आवाज तं माह्या लेकासारखाच हाये. पन आवाज बी काढते म्हने चोर. त्या नाटकातल्या पोट्ट्यायनं सांगतलं होतं."

माझा संयम सुटला. "आजी, त्या नाटकातला चोर मीच होतो!"

त्यांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग सूप खाली ठेवून त्या मनापासून हसल्या. "अरे हाव! तूच तं व्हय. काय हासवलं होतं बाप्पा तुम्ही! बस, बस." त्यांनी पाणी दिलं, कुठला, कोणाचा, लग्न झालं का, सगळं विचारलं. एवढं शिकून हेच काम भेटलं काय, हेही विचारलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा. म्हणालो, मग आता सांगा ना नंबर.

"मंग तं तुले सांगाचाच नाही," त्या म्हणाल्या. "तूच सांगतलं नं, कोन्हालेच नाही म्हनून."

तेवढ्यात त्यांचा बटणांचा फोन टुंग टुंग वाजायला लागला. न वाचलेल्या मेसेजची ती आठवण असते. त्यांनी तो कनवटीचा काढून माझ्या हातात दिला. "हे सकाळपासून वाजून राह्यलं. तू आपला मानूस हायेस, बंद करून दे बरं." आणि त्या पुन्हा तूर निवडायला लागल्या.

मी बटण दाबलं. फक्त आवाजच बंद करायचा होता, असं मी आज कितीही सांगितलं तरी ते खोटं आहे. सगळ्यात वर आमच्याच कंपनीचा मेसेज होता, आणि त्यात चार आकडे. अख्खी आवर्त सारणी अजून पाठ आहे माझी, चार आकड्यांचं काय घेऊन बसलात. आवाज बंद केला, फोन परत दिला, माझ्या मोबाईलमध्ये आकडे टाकले. हिरवी खूण आली.

"घ्या आजी. झालं."

"काय झालं?"

"तुमचं पार्सल. नोंद झाली."

त्यांनी खोकं घेतलं नाही. "पन म्या तं नंबर सांगतलाच नाही."

"सिस्टिममधून झालं, आजी." हे वाक्य सर आम्हाला सांगायचे, आमच्या हजेरीतले दिवस कापले गेले की. तेव्हा मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

आजींनी हातातला फोन उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे आपन नाही सांगतला तरी यायले समजतेच काय?"

मी हो म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. खोकं ओट्यावर ठेवलं आणि निघालो.

खुर्ची मिळाली. वडिलांनी चौकात सांगितलं, आईनं पेढे वाटले. माझ्या रूटवर दुसरा माणूस लागला. तीनेक महिन्यांनी तो काचेच्या खोलीत पावत्या द्यायला आला, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, त्या गावचं कसं चाललंय?

"कटकट हाये, मास्तर. पन एक आजी हाये, पुन्याचा लेक सामान पाठोते तिले, एकदम बेस्ट. गाडी पाह्यली का दारातूनच नंबर सांगते, इचाराच्या आंधी. मी म्हनलं, आजी, असा कोन्हालेही सांगत नोका जाऊ. तं म्हने, नाही सांगतला तरी घेतेतच." तो पावत्या सारख्या करत होता. "तिले कोन्ही फसवलं होतं काय हो?"

"मले नाही माहीत," मी म्हणालो.