अकरा ठिपक्यांचा गंजिफ्रॉक

मी आयुष्यात फुटबॉल कधी खेळलो नाही, आणि तरीही जयपूरला तीन वर्षं मुलांना तोच शिकवत होतो.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. बदली होऊन आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये राहायला आलो, तेव्हा तिथल्या मुलांच्या क्लबाला कोणीतरी मोठं माणूस हवं होतं. साताऱ्याला असताना मी खो-खो खेळायचो, एवढं मी चारचौघांत बोलून गेलो. (कोणी विचारलं नव्हतं.) दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाचला माझ्या गळ्यात शिट्टी. मैदानात ओळीने बांबू रोवून मी मुलांना त्यांच्यामधून नागमोडी पळवायचो. पुढ्यात चेंडू असला काय आणि नसला काय, पळणं मला समजत होतं.

एके दिवशी निरोप आला की भंडारीजी आमचा झोटवाड्याच्या मुलांशी होणारा सामना बघायला येणार. हे भंडारीजी जिल्ह्याच्या मुलांचा संघ निवडायचे. आमच्यातला एक मुलगा ते नेणार होते. एकच.

तो एक म्हणजे माझा मुलगा मधू, हे मी मनात पक्कं केलं होतं. पण कचेरीतल्या माणसाला मनातलं कागदावर आणल्याशिवाय चैन पडत नाही. मी गुणवत्तेनुसार यादी केली. पहिला मधू. अकरावा रतन, म्हणजे मागच्या चाळीतल्या पोस्टमनचा काटकुळा मुलगा, जो एकदा मिळालेला चेंडू कुणाला द्यायचाच नाही.

"मधू पहिला?" कुसुमने, म्हणजे आमच्या हिने, यादी वाचून विचारलं. "परवा गोल मारायला गेला आणि चेंडू आपल्या तुळशीत आला."

"अगं, त्याला खेळाची जाण आहे."

"तुळशीला नव्हती बिचारीला."

आता प्रश्न कपड्यांचा. अकरा पांढरे गंजिफ्रॉक केशरी रंगवून घ्यायचं ठरलं. प्रत्येकाचं माप वेगळं, तेव्हा अदलाबदल होता कामा नये. शाईची खूण रंगात बुडणार. मग मला आमच्या आईची रीत आठवली. परटाकडे कपडे देताना ती खुणेला दोऱ्याची गाठ मारायची. मी प्रत्येक गंजिफ्रॉकच्या पाठीवर यादीतल्या क्रमांकाइतक्या गाठी मारायला बसलो. मधूला एक, रतनला अकरा.

"रंगाच्या उकळत्या पाण्यात सुटतील त्या," कुसुम म्हणाली.

"म्हणून तर आत मुगाचा दाणा घालतोय," मी म्हणालो. सहासष्ट गाठी मारल्या. बोटं सुजली, पण डोक्याचा अभिमान वाटला.

रंगरेज म्हातारा होता. त्याने गाठोडं सोडलं, गाठी चाचपल्या आणि माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

"समझ गया, बाबूजी."

सांगण्याआधीच समजणारा कारागीर मला फार आवडतो.

सामन्याच्या दिवशी सकाळी कपडे आणायला गेलो. म्हाताऱ्याने माझ्यासमोर दोरा धरून एक झटका दिला, गाठी तडातड सुटल्या, मूग उडाले आणि केशरी कापडावर गोल गोल पांढरे ठिपके उमटले. जयपूरच्या बायका ज्या ठिपक्यांच्या ओढण्या घेऊन फिरतात, त्या अशाच गाठी मारून रंगवतात. बंधेज म्हणतात त्याला. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. मला त्या झटक्याने कळलं.

"एक बात कहूँ, बाबूजी?" म्हातारा म्हणाला. "बाँधने वाले का हाथ अभी कच्चा है."

"नया आदमी है," मी म्हणालो.

मैदानावर झोटवाड्याची मुलं आम्हाला बघून ओरडली, "चुनरी वाले आ गए!"

"बाबा, मी नाही घालणार," मधू रडकुंडीला आला. "मतलब, ही तर ओढणी आहे."

बाकीचेही घुटमळत होते. एकट्या रतनने गंजिफ्रॉक चढवला आणि मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला. मग त्याने सगळ्यांचे ठिपके मोजले.

"मास्साब," तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मुझे सबसे ज्यादा दिए?"

त्याचा चेहरा असा फुलला होता की मला यादीचं सांगवेना. मी मान हलवली. मला स्वतःची फार लाज वाटली.

सामना सुरू झाला. पंचाला आमच्या मुलांची नावं ठाऊक नव्हती, म्हणून फाउल झाला की तो शिट्टी मारून पाठीमागे जायचा आणि मोजायचा, "एक, दो, तीन… हिल मत… छह नंबर!" मधू चेंडूपासून सुरक्षित अंतर राखून होता. (जाण होतीच त्याला.) आणि रतन? झोटवाड्याची उंच पोरं म्हणजे माझे बांबूच आहेत, अशा थाटात तो त्यांच्यामधून नागमोडी गेला. एकदा गेला, गोल. दुसऱ्यांदा गेला, गोल. दोन-एकने आम्ही जिंकलो.

भंडारीजी उठून माझ्याकडे आले.

"जोशीजी, वो ग्यारह बुंदकी वाला लड़का मुझे दीजिए. ये बुंदकियाँ आपने हुनर देखकर लगवाई हैं?"

"जी," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"बढ़िया नज़र है आपकी." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "और वो एक बुंदकी वाला… पढ़ाई में कैसा है?"

घरी आल्यावर मी कुसुमला सगळं सांगितलं. भंडारीजींचा शेवटचा प्रश्न मी गाळणार होतो, पण मधूनेच सांगून टाकला. तो अगदी खुशीत होता. जिल्ह्याच्या संघात जावं लागणार नाही म्हणून त्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. रतनची आई संध्याकाळी गूळ घेऊन आली आणि माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी अक्षरशः दोन पावलं मागे सरलो.

ती गेल्यावर कुसुम म्हणाली, "यादी तुमची बरोबरच होती हो. फक्त खालून वाचायची होती." मग धुवायचे कपडे गोळा करता करता तिने विचारलं, "तुम्हालाही एक रंगवून घेऊ या का? किती गाठी मारू?"

मी मधूचा एक ठिपक्याचा गंजिफ्रॉक उचलला आणि अंगाला लावून पाहिला. छातीला जरा घट्ट होता, पण क्रमांक बरोबर होता.