उघडं राहिलेलं इंजिन

ती केस अजून डोक्यातून जात नाही. लातूर नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, पाणी मात्र टँकरचं. मी शिरूर अनंतपाळकडच्या एका चौकीवर जमादार होतो. शिक्षण बेताचं, पण माणूस वाचता यायचा.

टँकरकडं निघालेल्या एका बाईला मोटारसायकलनं उडवलं. चालवणारा थांबला नाही. दवाखान्याच्या वाटेतच ती गेली. तिचा नवरा फिर्याद द्यायला आला, तिची चेपलेली पितळी घागर पोटाशी धरून.

सकाळी खबर आली, गावातला मिस्त्री एक मोटारसायकल घाईघाईनं खोलतोय. मिस्त्री माझ्या उठण्याबसण्यातला. चौकीची गाडी तोच बघायचा. दोन पंच घेऊन गेलो.

"कुणाची गाडी?"

"जावयाची, साहेब. भोकरवरून आलेत. सर्व्हिसिंगला घेतली."

इंजिनाचं बाहेरचं सामान उतरवलेलं. कार्ब्युरेटर, किक खाली मांडलेले. सायलेन्सर आणि गिअरचा दांडा दिसेना. त्याची पद्धत मला पाठ होती. आधी इंजिन बाहेरून रॉकेलनं धुवायचं, मग एकेक सामान काढायचं, आणि काढल्याबरोबर उघड्या तोंडात फडकं कोंबायचं. धूळ आत गेली की सिलेंडर खाते, असं तो मलाच सांगायचा. आज मातीचा थर तसाच होता आणि तोंडं उघडी.

"मिस्त्री, धुतलं न्हाई?"

"टंचाई हाय, साहेब."

"टंचाई पाण्याची हाय. तू रॉकेलनं धुतोस. अन् फडक्याची बी टंचाई आली का?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. त्याला चौकीत आणला. अंगाला हात लावला नाही, लावू दिला नाही. दुपारपर्यंत एकच धोशा, "सर्व्हिसिंग हाय." मग म्हणाला, "साहेब, लेक पोटुशी हाय माझी."

मी म्हटलं, "बाहेर तो माणूस घागर घेऊन बसलाय. त्याला काय सांगू?"

त्यानं दारातून एकदा बघितलं. मग बोलला, "पाण्याचं रिकामं पिंप बघा."

पिंपात वाकलेला दांडा आणि सायलेन्सर निघाला. सायलेन्सरवर पितळेचा ओरखडा. पंचनामा झाला, जावयाला अटक झाली. कोर्टात मिस्त्रीनं जबाब फिरवला नाही. जावयाला सजा लागली.

मिस्त्रीची लेक एवढंच बोलून गेली, "बाबा, तुम्ही गप बसला असता तर?" परत माहेरी आली नाही.

माझी बायको अधूनमधून विचारायची, "त्या पोरीचं काय झालं हो?" मी म्हणायचो, मला काय ठाऊक. तपास पुरा झाला की कागद वर जातात, घरात काय उरलं ते कुणी विचारत नाही. खरं बोल म्हणून माणसाच्या मागं लागणं हे आमचं काम. बोलल्यावर त्याच्यापाशी बसायचं काम कुणाचंच नव्हतं.

बायको गेली तेव्हा माझी लेक तिच्या उशाशी होती. मिस्त्री गेला तेव्हा मी मयतीला होतो. भोकरला त्याच्या लेकीला निरोप दिलेला होता. लोक म्हणाले, अजून थोडं थांबू. ऊन कलेपर्यंत थांबलो. मग उचलला.