मागे काय काय आलंय?

एक्स-रेवाले काका चौतीस वर्षं दवाखान्याच्या तळघरात लोकांच्या हाडांचे फोटो काढत होते. लग्न केलं नाही. थोरली बहीण शाळेत शिकवायची. तिचंही लग्न राहूनच गेलं. दोघांना मिळून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे बारा पावलांची बाग. बाग ताईंची. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नसे.

मग ताईंचं अर्धं अंग लुळं पडलं. पाच वर्षं त्या पुढच्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीशी पडून होत्या. काका कामावरून आले की त्यांचं जेवण, औषध, अंग पुसणं सगळं करायचे. मागचं दार मात्र त्यांनी कधी उघडलं नाही. ताई रोज विचारायच्या, "मागे काय काय आलंय रे?"

"सगळं झकास आहे. जाई तर नुसती लगडलीय," भाजी निवडता निवडता काका सांगायचे.

ताई गेल्या. पुढच्याच वर्षी काका निवृत्त झाले. एके सकाळी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू खिडकीच्या गजापाशी उभ्या राहिल्या. "रागावू नका, पण तुमच्या रानातून काल साप आमच्या मोरीत आला."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बाजारातून विळा आणि कुदळ आणली. दार उघडायलाच अर्धा तास गेला; गवतानं ते बाहेरून रेटून धरलं होतं. समोर छातीएवढी झुडपं, त्यांवर वेलींचं जाळं. तण कुठलं आणि झाड कुठलं, याचा पत्ता नाही. तेव्हा दिसेल ते कापायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. तिसऱ्या दिवशी भिंतीवरची वाळकी, गुंतलेली वेल त्यांनी बुंध्यापासून तोडली आणि ढिगावर टाकली.

भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "अहो, काय केलंत! ती जाई होती!"

काका हातात विळा घेऊन तसेच उभे राहिले. "तिला तर मी रोज सांगायचो, जाई फुललीय म्हणून," ते पुटपुटले.

काकू हलकेच म्हणाल्या, "ताईंना ठाऊक होतं. मी त्यांच्या खिडकीशी बसायचे ना दुपारची. मलाच विचारायच्या. मी सांगितलं होतं, सगळं रान माजलंय म्हणून."

"मला कधी बोलली नाही."

"म्हणायच्या, त्याला काही सांगू नका. दिवसभर काळोखात उभा असतो बिचारा, वर माझं करतो. त्याला बागेचं सांगायला आवडतं, सांगू दे."

काका आत गेले. हात न धुताच ताईंच्या रिकाम्या पलंगावर बसले. बसल्या जागी त्यांनी हिशेब लावला: पाच वर्षं, रोज एक थाप, आणि ताईंनी ती रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. त्या घरात एकमेकांना जपता जपता दोघं किती एकटी होती, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि आता सांगायचं तरी कुणाला?

दोन महिने ते जाईच्या खुंटाला पाणी घालत राहिले. एकही कोंब फुटला नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "आता काढा तो. त्या जागी मुळा लावा. मुळा नवख्यालाही येतो." आणि कागदाच्या पुडीत बी दिलं.

काकांनी खुंट काढला. मुळं इतकी खोल होती की अख्खा दिवस गेला. मग माती भुसभुशीत केली, दोन वाफे केले, पण बी एवढं दाट पेरलं की रोपं एकमेकांच्या उरावर बसली. काकूंनी भिंतीवरून विरळणी शिकवली. चांगली रोपं उपटून टाकायची म्हणजे काकांच्या जिवावर यायचं, पण त्यांनी उपटली. उरलेली अर्धी बाग अजून तशीच माजलेली होती.

महिना-सव्वामहिन्यानं मुळे निघाले. तिरके, दोन पायांचे, बोटाएवढे. काकांनी ते धुतले, त्यातले चार बरे निवडले आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली. उत्तर आलं नाही. मग आठवलं, काकू आठवड्यापूर्वीच लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तीन महिने येणार नव्हत्या.

ते मागच्या पायरीवर बसले. मीठ लावून एक मुळा खाल्ला. भलताच तिखट निघाला, डोळ्यांत पाणी आलं. दुसराही खाल्ला. मग विळा उचलून ते माजलेल्या अर्ध्या भागात शिरले, आणि या वेळी प्रत्येक फांदी कापण्याआधी तिचं पान चुरगळून वास घेऊ लागले.